अज्यादचा किल्ला
मक्केच्या मस्जिद-उल्-हरामच्या दक्षिणेस अज्याद नांवाचा जुना मोहल्ला आहे. तेथील बुलबुल टेकडीवर उस्मानी तुर्कांनीं १७८० च्या सुमारास एक किल्ला उभारला. लुटारूंपासून काबागृहाचें व नगराचें रक्षण करणें, हें त्याचें प्रयोजन.

जून १९१६ मध्यें शरीफ हुसेन यांनीं तुर्कांविरुद्ध उठाव केला, तेव्हां तुर्की शिबंदी याच किल्ल्याच्या आश्रयानें लढली. जुलैमध्यें ती शरण आली. भिंती मात्र उभ्या राहिल्या. त्या पडल्या त्या शांततेच्या काळांत. २००२ च्या आरंभीं सौदी सरकारनें किल्ला पाडविला. टेकडीही सपाट झाली. तुर्कस्ताननें तीव्र निषेध केला; परंतु गेलेला किल्ला परत येणार नव्हता.

त्या जागीं आज ६०१ मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा, निवासस्थानें व दुकानें आहेत. २०१२ सालीं हजसाठीं ३१ लाखांहून अधिक यात्रेकरू जमले होते. त्यांना निवारा हवा, हें कोण नाकारील? तथापि ज्या किल्ल्यानें या पुण्यनगरीवर पहारा केला, त्यालाच यात्रेकरूंसाठीं जागा सोडावी लागली. अज्याद हें नांव तेवढें तेथल्या रस्त्याला उरलें आहे.