दुष्ट राणीला क्षमा

परीकथा संपली म्हणजे ऐकणारें मूल सहसा स्वस्थपणें झोंपीं जातें. राजपुत्र व राजकन्या सुखानें नांदूं लागलीं, दुष्टांस शासन झालें, एवढें कळलें कीं त्याचें समाधान होतें. ज्या थोड्या मुलांचें एवढ्यानें समाधान होत नाहीं, तीं दोन प्रश्न विचारतात : 'मग पुढें काय झालें?' आणि 'ती राणी पहिल्यापासूनच दुष्ट होती का?' वडील माणसें बहुधा या प्रश्नांना बगल देतात. परंतु याच दोन प्रश्नांचीं उत्तरें देण्यासाठीं अमेरिकेंत एक दूरचित्रवाणी-मालिका सात हंगाम चालली. तिचें नांव 'वन्स अपॉन अ टाइम'. आपल्या कहाण्यांच्या आरंभीं जसें 'आटपाट नगर' यावयाचें, तसेच इंग्रजी परीकथेच्या आरंभीं यावयाचे हे ठराविक शब्द. एडवर्ड किट्सिस व अ‍ॅडम हॉरोविट्झ या दोघां लेखकांनीं ती मालिका रचिली, आणि ए. बी. सी. या वाहिनीवर २३ ऑक्टोबर २०११ पासून १८ मे २०१८ पर्यंत तिचे दीडशेंहून अधिक भाग दाखविले गेले. परीकथेच्या जुन्या युक्त्यांना या मालिकेनें कोणतें नवें वळण दिलें, आणि त्यांत काय मिळविलें व काय गमाविलें, हें पाहण्यासारखें आहे.

कथेची उभारणी अशी आहे. हिमगौरीच्या विवाहाच्या वेळीं तिची सावत्र आई, दुष्ट राणी रेजिना, भर समारंभांत येऊन सर्वांच्या सुखाचा नाश करण्याची प्रतिज्ञा करते. पुढें ती एक भयंकर शाप योजते, आणि परीकथांतील पात्रें आपलें राज्य गमावून अमेरिकेच्या मेन राज्यांतील स्टोरीब्रुक नांवाच्या एका कल्पित गांवीं येऊन पडतात. तेथें हिमगौरी शाळेंत शिक्षिका आहे, तिचा राजपुत्र रुग्णालयांत बेशुद्ध पडलेला आहे, आणि राणी स्वतः गांवची नगराध्यक्ष होऊन बसली आहे. आपण पूर्वीं कोण होतों हें त्या गरीब प्रजेस ठाऊक नाहीं. मनोऱ्यावरचें घड्याळ सव्वाआठावर थांबलेलें आहे, आणि अठ्ठावीस वर्षें होऊनही तेथें काळ पुढें सरकलेला नाहीं.

शाप ही परीकथेची फार जुनी युक्ति. ग्रिम बंधूंनीं १८१२ सालीं जर्मनींत छापलेल्या संग्रहांतही शापामुळें शंभर वर्षें निजलेली राजकन्या आहे. मालिकेंतला शाप मात्र झोंपेचा नसून विस्मृतीचा आहे. माणसें जागीं आहेत, आपापलीं कामें करीत आहेत, पण स्वतःची गोष्ट तीं विसरून गेलीं आहेत. कालिदासाचें शाकुंतल ज्यांनीं वाचलें आहे त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाहीं. दुर्वासाच्या शापानें दुष्यंत शकुंतलेस विसरतो, आणि अंगठी दृष्टीस पडतांच त्यास सर्व आठवतें. येथें अंगठीच्या जागीं गोष्टींचें एक पुस्तक आहे. तें पुस्तक वाचणारा दहा वर्षांचा हेन्री हा राणीचा दत्तक मुलगा. पुस्तकांत लिहिलें आहे तें सर्व खरें आहे असें त्या एकट्याला वाटतें. तो बॉस्टनला जाऊन आपल्या जन्मदात्या आईला, एमाला, शोधून आणतो. एमा ही हिमगौरीची मुलगी. ती त्या गांवीं राहण्याचें ठरविते आणि घड्याळाचा कांटा हलतो. मोठ्यांनीं विसरलेलें मुलानें ध्यानीं ठेवावें, ही या मालिकेंतील सर्वांत सुंदर कल्पना होय.

दुसरी युक्ति चुंबनाची. चुंबनानें हिमगौरी जागी होते अशी आतां सर्वांची समजूत आहे. परंतु ग्रिमच्या कथेंत चुंबन नाहींच. शवपेटी नेतांना हिसका बसतो, घशांत अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो आणि ती डोळे उघडते. चुंबनाचा तो प्रसंग डिस्नेच्या १९३७ सालच्या चित्रपटानें सर्वतोमुखीं केला. मालिकेंत पहिल्या हंगामाच्या अखेरीस हेन्री विषारी सफरचंदाचें सारण भरलेला पदार्थ खाऊन मरणोन्मुख होतो, एमा त्याच्या कपाळाचें चुंबन घेते, आणि त्या मातृप्रेमानें शाप भंगतो. तिसऱ्या हंगामांत दुसरा एक शाप याच मुलाच्या कपाळीं ओठ टेंकून भंगतो, आणि त्या वेळीं चुंबन घेणारी असते त्याची दत्तक आई, म्हणजे ती राणीच. जन्म देणारी व वाढविणारी अशा दोघी आयांचें प्रेम कथाकारांनीं सारख्याच मोलाचें ठरविलें आहे. सावत्र आई म्हणजे छळ करणारी, या परीकथेच्या जुन्या समजुतीला याहून चांगलें उत्तर क्वचितच मिळालें असेल.

तिसरी युक्ति सौद्याची, आणि मालिकेचा नैतिक कणा हाच. रंपलस्टिल्टस्किन हा ग्रिमच्या कथेंतला गवताचें सोनें करून देणारा बुटका. येथें तो काळ्या जादूचा धनी आहे. प्रत्येक जादूची किंमत द्यावी लागते, हा त्याचा नियम. राणीला शाप उच्चारावयाचा तर सर्वांत प्रिय व्यक्तीचें हृदय बळी द्यावें लागतें. ती प्रथम आपल्या लाडक्या घोड्याचें हृदय देऊन पाहते, तें पुरत नाहीं, तेव्हां स्वतःच्या बापाचा घात करते. सूड तिला मिळतो, पण सूडाच्या आनंदांत सहभागी होणारें एकुलतें एक माणूस त्यापायीं गेलेलें असतें. किंमत खरी असली म्हणजे कथेला वजन येतें, तें असें.

यापुढची युक्ति मालिकेनें विशेष जोपासली, आणि तीच विवाद्य आहे. प्रत्येक खलाला तिनें पूर्वेतिहास दिला. रंपलस्टिल्टस्किन मुळांत एक भेकड सूत कातणारा. युद्धासाठीं मुलें धरून नेत होते, तेव्हां आपल्या मुलाला वांचविण्याकरितां त्यानें ती काळी शक्ति पत्करली, आणि पुढें त्या शक्तीच्या मोहानें त्याच मुलाचा हात सोडला. रेजिना तरुणपणीं तबेल्यांत काम करणाऱ्या एका मुलावर प्रेम करीत होती. हिमगौरी त्या वेळीं लहान. तिनें भाबडेपणानें तें गुपित रेजिनाच्या आईला सांगितलें, आणि आईनें मुलीच्या डोळ्यांदेखत त्या तरुणाचें हृदय चुरडलें. रेजिनाच्या द्वेषाचें बीज हें. लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टींत तर लांडगा ती मुलगीच ठरते, आणि तिच्यांतलें श्वापद आवरून धरण्यासाठींच तो तांबडा झगा असतो. दुष्टपणा जन्मतः येत नाहीं, तो दुःखांतून, भयांतून व वाईट संगोपनांतून घडतो, असें कथाकारांचें म्हणणें. मुलांना वाढविणाऱ्या कोणालाही हें खोटें वाटणार नाहीं.

परंतु कारण समजणें आणि अपराध माफ होणें या गोष्टी भिन्न आहेत. आपल्याकडे राक्षसाचा प्राण पोपटांत असतो. येथें राणी लोकांचीं हृदयें छातींतून काढून पेट्यांत ठेवते, आणि ज्याचें हृदय तिच्या हातीं तो तिचा दास होतो. हिमगौरीला मारण्यास पाठविलेल्या शिकाऱ्यानें दया दाखविली, म्हणून त्याचें हृदय असेंच काढून घेतलेलें असतें. स्टोरीब्रुकमध्यें तो अंमलदार होऊन राहतो. पहिल्याच हंगामांत त्याला पूर्वस्मृति येऊं लागते, आणि ती येतांच राणी दुरून त्याचें हृदय मुठींत चुरडते. तो एमाच्या बाहूंत प्राण सोडतो. दुसऱ्या हंगामांत हिमगौरी एका जखमी अनोळखी स्त्रीची शुश्रूषा करते. ती वेष पालटलेली राणीच असते. राणींतही कधीं काळीं चांगुलपणा होता, असें हिमगौरी तिला सांगते. थोड्याच वेळांत राणीच्या हुकुमानें कापून काढलेल्या एका गांवाचीं प्रेतें तिच्या दृष्टीस पडतात, आणि ती आपले शब्द परत घेते. पुढें मुलाच्या प्रेमानें रेजिना खरोखर पालटते, इतरांसाठीं प्राण पणाला लावते, आणि शेवटच्या भागांत साऱ्या राज्यांची 'चांगली राणी' म्हणून तिला मुकुट मिळतो. त्या प्रसंगीं शिकाऱ्याचें कोण? त्या गांवकऱ्यांचें कोण? त्यांच्या वतीनें न्यायसभा कधींच भरत नाहीं.

याच मालिकेंत याच्या उलट एक उदाहरण आहे, म्हणून ही उणीव अधिक जाणवते. हिमगौरी एका मंतरलेल्या मेणबत्तीनें रेजिनाच्या आईच्या हृदयावर मृत्यूचा प्रयोग करते, आणि तें हृदय आईच्या छातींत परत घालण्यास कपटानें रेजिनालाच प्रवृत्त करते. म्हणजे लेकीच्या हातून आई मरते. मेलेली बाई क्रूर होती; तरीही हिमगौरीला अन्न गोड लागत नाहीं. ती आपण होऊन रेजिनाच्या दारीं जाते आणि मरण मागते. रेजिना तिचें हृदय बाहेर काढून तिला दाखविते, तों त्यावर एक काळा डाग पडलेला असतो. जिचा अपराध केला तिच्यासमोर उभें राहणें, आणि डाग डोळ्यांनीं पाहणें, हें प्रायश्चित्ताचें खरें स्वरूप. सद्गुणी हिमगौरीकडून जें मागितलें, तें राणीकडून कथाकारांनीं तितक्या कसोशीनें मागितलें नाहीं.

असें कां व्हावें? एक कारण धंद्याचें आहे. आजीची गोष्ट अर्ध्या घटकेंत संपते. मालिकेला वर्षाकाठीं वीस-बावीस भाग पुरवावे लागतात. ग्रिमच्या कथेंत दुष्ट राणीला तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचविलें जातें. परंतु ज्या पात्रासाठीं प्रेक्षक दर आठवड्यास येतात, त्याला असे जोडे घालतां येत नाहींत. मग त्याला सुधारावें लागतें, शाप फिरून फिरून उच्चारावे लागतात, आणि किंमतही सवलतीची होते. तिसऱ्या हंगामांत हिमगौरीला स्वतः शाप उच्चारावा लागतो, त्यासाठीं पतीचें हृदय चुरडावें लागतें. आणि लगेच तिच्याच हृदयाचे दोन भाग करून एक पतीच्या छातींत बसविला जातो व तो उठून बसतो. प्रसंग हृदयस्पर्शी आहे, यांत शंका नाहीं. पण बापाच्या हत्येनें ज्या नियमाला धार आली होती, ती येथें बोथट होते.

ही अडचण कथाकारांच्या ध्यानांत आली नव्हती असें नाहीं. चौथ्या हंगामांत खल मंडळी त्या पुस्तकाच्या लेखकाचाच शोध करीत निघतात. गोष्टींत नेहमीं आमचाच पराभव कां, हें त्यांचें गाऱ्हाणें. लेखकाच्या लेखणीनें तें बदलून घ्यावें, हा त्यांचा बेत. अखेर ती जादूची लेखणी हेन्रीच्या हातीं येते, आणि एवढी सत्ता कोणाच्याच हातीं नसावी म्हणून तो ती मोडून टाकतो. झालेलें पुसून दुसरें लिहितां येत नाहीं, हें त्या मुलाला उमगलें. हाच न्याय रेजिनाच्या कथेलाही लावावयास हवा होता. तिनें नवें आयुष्य जरूर लिहावें; मागचीं पानें मात्र पुस्तकांतच राहिलीं पाहिजेत.

जुनी परीकथा मुलाला धीर देते कीं, अन्याय करणाऱ्यास शासन होईल. ही मालिका सांगते कीं, अन्याय करणाराही पालटूं शकतो. वाढत्या मुलाला दोन्ही गोष्टी ऐकावयास मिळाव्यात. आईबापांनीं मुलांबरोबर बसून ती पाहिली, आणि राणीच्या डोक्यावर मुकुट चढत असतां एखाद्या मुलानें 'पण त्या शिकाऱ्याचें काय?' असें विचारलें, तर त्याला गप्प बसवूं नये. पश्चात्ताप झालेल्या माणसाला घरांत घ्यावें कीं नाहीं, घेतल्यास त्यानें कोणाकोणाच्या दारीं जाऊन यावें, आणि ज्यांच्या दारीं जाणें आतां शक्य नाहीं त्यांचें देणें कसें फेडावें, यावर त्या मुलाशीं मोकळेपणानें बोलावें.