शहाळे, मीठ आणि एक गोळी
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांना वाटले होते की मी मुदत ठेवी नाहीतर नॉमिनेशन यावर बोलेन. सगळी नोकरी बँकेत गेली, तेव्हा ते साहजिकच आहे. पण विषय मीच बदलून घेतला. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा आपल्या फ्रिजवर मुलांच्या परीक्षेची वेळापत्रके असायची. आता तिथे गोळ्यांचा डबा आहे. त्या डब्यातल्या एका गोळीबद्दल आज बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, साधा कॉमर्सचा पदवीधर आहे. त्यामुळे औषध कोणते घ्यावे हे सांगणार नाही. माझ्या हातून काय चूक झाली तेवढेच सांगणार आहे.

मला ब्लड प्रेशर बरीच वर्षे आहे. त्यासाठी लघवीची एक गोळी चालू होती. एकदा पोटऱ्यांत असे गोळे यायला लागले की रात्री उठून बसावे लागे. रक्त तपासले तर पोटॅशियम 3.1. ते साधारण 3.5 ते 5 असायला हवे. डॉक्टर म्हणाले, ''काका, या गोळीने पोटॅशियम लघवीतून जातं. शहाळं घ्या, केळं खा.'' मी तसे केले आणि गोळे थांबले. झाले, त्या दिवसापासून मी या विषयातला जाणकार झालो!

पुढे सौभाग्यवतीच्या पायांवर सूज यायला लागली, जिना चढताना धाप लागायची. हृदयाचे पंपिंग कमी झाले होते. तिला मधुमेह असल्याने मूत्रपिंडेही थोडी मंदावलेली. तिची टेल्मिसार्टन आधीपासून चालू होती, त्यात डॉक्टरांनी 25 मिलिग्रॅमची स्पायरोनोलॅक्टोन वाढवली. मी विचारले, ''ही कसली?'' ते म्हणाले, ''लघवीचीच आहे, पण वेगळी. आठवड्याने रक्त तपासून या.'' मी 'लघवीची' एवढेच ऐकले. 'पण वेगळी' हे ऐकलेच नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी फिरून येताना मी तिच्यासाठी गेटवरून शहाळे आणू लागलो. प्रेशरला चांगले म्हणून घरात लो सोडियम मीठही आणले. सूज उतरली, धाप कमी झाली. बरे वाटतेय तर रक्त कशाला काढायचे, म्हणून तपासणी लांबवली. तीही मीच.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी ती म्हणाली, ''अहो, पायांत जोरच नाही हो.'' नाडी फार मंद लागत होती. हॉस्पिटलात नेले. ईसीजी पाहताच तिथल्या डॉक्टरांचा चेहरा बदलला. पोटॅशियम 6.8. लगेच शिरेतून कॅल्शियम दिले, मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन. दोन दिवस ती आयसीयूत होती. डॉक्टरांनी मला विचारले, ''रोज काय काय देत होतात?'' मी यादी सांगायला लागलो, आणि सांगता सांगता माझे मलाच कळले.

आज ती पहिल्या रांगेत बसली आहे आणि हसते आहे, म्हणून मी हे सांगू शकतो.

त्यानंतर मी हा विषय समजून घेतला. आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळतात आणि जवळजवळ सगळे परत रक्तात घेतात, लघवी होते दीड-दोन लिटर. बारीक नळ्यांच्या शेवटच्या भागात एक देवघेवीचा काउंटर आहे असे समजा. तिथे सोडियम आत घेतात आणि पोटॅशियम बाहेर देतात. अल्डोस्टेरॉन नावाचे संप्रेरक तो काउंटर चालवते. माझी गोळी या काउंटरच्या अलीकडे काम करते. त्यामुळे काउंटरवर सोडियमची गर्दी होते, देवघेव वाढते आणि पोटॅशियम भराभर बाहेर जाते. तिची गोळी काउंटरच मंद करते. सोडियम आणि पाणी थोडे जास्त बाहेर पडते, पोटॅशियम मात्र आतच राहते. स्पायरोनोलॅक्टोन आणि एप्लेरेनोन अल्डोस्टेरॉनला अडवतात, तर अमिलोराइड आणि ट्रायमटेरीन सोडियमची वाटच बंद करतात. परिणाम तोच, पोटॅशियम साठते.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या प्रेशरच्या गोळ्याही पोटॅशियम थोडे वाढवतात. दोन्ही बरोबर देतात ते विचार करूनच, पण मग रक्तावर लक्ष ठेवावे लागते. त्यात मी काय केले? एका शहाळ्यात केळ्याइतके किंवा जास्तच पोटॅशियम असते. आणि लो सोडियम मिठात सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम क्लोराइडच घातलेले असते. पाकिटावर लिहिलेले होते. कर्जाचे कागद भिंगाने वाचणारा मी, मिठाचे पाकीट वाचले नाही.

आता कोणी घरी जाऊन ही गोळी बंद करू नका, हात जोडून सांगतो. गोळी गुणाची आहे. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हृदय फार कमजोर झालेल्या 1663 रुग्णांपैकी निम्म्यांना स्पायरोनोलॅक्टोन दिली, तर मृत्यूचे प्रमाण 30 टक्क्यांनी घटले. तीन-तीन औषधांनी न उतरणाऱ्या प्रेशरलाही ती उपयोगी पडते. पण त्या अभ्यासानंतर कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ती सरसकट दिली जाऊ लागली. तिथे हृदयाच्या अशा वयस्कर रुग्णांत पोटॅशियम वाढून दवाखान्यात दाखल होण्याचे प्रमाण 1994 मध्ये हजारी 2.4 होते, ते 2001 मध्ये हजारी 11 झाले. औषध तेच होते. अभ्यासातल्या रुग्णांवर बारीक नजर होती, बाहेर तेवढी राहिली नाही.

म्हणून आमच्या घरी आता चार नियम आहेत. एक, सीरम पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची तपासणी डॉक्टर सांगतील त्या तारखेला होतेच. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेली असते. बरे वाटतेय हे कारण चालत नाही, कारण पोटॅशियम वाढले तरी पुष्कळदा काहीच जाणवत नाही. दोन, शहाळे आणि मीठ दोन्ही विचारूनच. तीन, गुडघा दुखला तरी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी गोळी मनाने घ्यायची नाही, कारण मूत्रपिंडांवर ताण येऊन पोटॅशियम वाढते. नवीन अँटिबायोटिक लिहून देणाऱ्यालाही चालू गोळ्यांची यादी दाखवायची, कारण काही अँटिबायोटिकनेही पोटॅशियम चढते. चार, जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. अंगातले पाणी कमी झाले की हिशोब पटकन बिघडतो.

पुरुष मंडळींसाठी आणखी एक. स्पायरोनोलॅक्टोनने काहींच्या छातीला सूज येते, दुखते. लाजून गोळी सोडू नका, डॉक्टरांना सांगा. दुसरा पर्याय मिळू शकतो.

बँकेत आमचा एक दंडक होता, दोन सह्यांशिवाय मोठे व्हाउचर पास करायचे नाही. घरी मात्र मी एका सहीवर रोज शहाळे पास करत होतो, आणि तेही प्रेमाने. आपल्या सोसायटीत एकमेकांची काळजी घेणारी माणसे खूप आहेत, ही पंचवीस वर्षांची कमाई आहे. शेजाऱ्याला जरूर सांगा, ''मला याने बरं वाटलं.'' पण पुढचे वाक्य गाळू नका, ''तुम्ही मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारा.'' ती दुसरी सही.