माडांवरील पांढरी माशी



माडाच्या झावळ्या काळ्या पडू लागल्या की वाडीत प्रथम विषारी औषधाची चौकशी सुरू होते. काळेपण दिसते वरून. खरा अपराधी पातीच्या खाली बसलेला असतो.

ही चक्राकार पांढरी माशी मूळची मध्य अमेरिकेकडची. भारतात ती २०१६ साली तामिळनाडूत पोल्लाचीकडील माडांवर आढळली व पुढे कोकणपट्टीतही पोचली. रांगोळीची वळणे काढावीत तशी ती पातीखाली अंडी घालते. रस शोषताना तिच्या अंगातून चिकट गोड द्रव गळतो. खालच्या पातींवर त्याने काजळी धरते. माड सहसा मरत नाही. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण घाबरलेला बागाईतदारच जास्त नुकसान करून घेतो.

ते असे. एन्कार्सिया नावाचा गांधीलमाशीच्या जातीचा अगदी बारीक कीटक या माशीच्या पिलांत अंडी घालून त्यांचा नायनाट करतो. विष फवारले की तोही मरतो, आणि माशीला मोकळे रान मिळते. म्हणून कासरगोडच्या संशोधन संस्थेचा भर विष टाळण्यावर आहे. पातीखाली पाण्याचा जोरदार फवारा मारावा. काजळीवर लिटरला १० ग्रॅम स्टार्चची पातळ खळ फवारावी; वाळल्यावर काजळीचे पोपडे गळतात. एरंडेल फासलेले पिवळे कागद बागेत टांगावेत.

खाली काळसर पडलेली पिले असतील ती पात जाळू नये. तिच्यात एन्कार्सिया वाढत असतो. तेवढा तुकडा कापून शेजाऱ्याच्या नव्याने लागण झालेल्या माडास टाचावा. बांधाचा तंटा चालू असला तरी.