खडक, माती आणि तेल : कारणांचा शोध
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आम्ही पेशाने डॉक्टर. तरीही आज भूगर्भातील तेलाविषयी बोलणार आहोत. कारण त्या कथेतील एक पात्र आमच्या परिचयाचे आहे. जुलाबावर पूर्वी सर्रास दिले जाणारे केओलिन ही एक प्रकारची मातीच होय. इतर पदार्थांना आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणे, हा तिचा गुण.

जमिनीखाली तेलाचे तळे नसते. तेल वालुकाश्मासारख्या खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत असते. त्या छिद्रांच्या भिंतींवर केओलिनाइट, इलाइट अशा चिकणमातीच्या खनिजांचे थर असतात. ही खनिजे मुळात पाण्याशी सलगी करणारी. परंतु त्यांच्यावर ऋणभार असतो. खाऱ्या भूजलातील कॅल्शियमचे धनभारित कण दुवा बनतात आणि तेलातील अस्फाल्टीनसारखे जड घटक मातीला चिकटतात. दीर्घ सहवासाने भिंतच तेलकट होते. मग पाण्याच्या दाबाने तेल बाहेर ढकलले तरी बराच अंश आत राहतो.

१९९० च्या दशकात अमेरिकेतील वायोमिंग विद्यापीठात नॉर्मन मॉरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी खडकाच्या नमुन्यांत कमी क्षारांचे पाणी सोडून पाहिले, तेव्हा अधिक तेल सुटले. ब्रिटनमध्ये शेटलंड बेटांच्या पश्चिमेस क्लेअर रिज येथे २०१८ साली उत्पादन सुरू झाले. तेथे अशा पाण्याची योजना आरंभीच केली होती. कॅल्शियमचा दुवा सुटतो, हे त्याचे एक स्पष्टीकरण. त्याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. मात्र पाणी फारच गोडे झाले, तर स्मेक्टाइट नावाची माती फुगते, केओलिनाइटचे कण सुटतात आणि छिद्रे बुजतात. औषधाप्रमाणे येथेही मात्रा सांभाळावी लागते.

तथागतांनी तेलविहिरींचे शास्त्र सांगितले, असा आमचा मुळीच दावा नाही. परंतु कारणांवाचून काही घडत नाही, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार आम्हांस येथे आठवतो. तो खडक मुळात तेलकट नव्हता. परिस्थितीने तसा झाला, आणि परिस्थिती बदलताच काही अंशी पालटला. आपल्या पूर्वजांना मात्र 'हे जन्मानेच असे' म्हणून शतकानुशतके हिणवले गेले. तो विचार समुद्र ओलांडूनही येतो. येथेही आडनाव विचारून माणसाची किंमत ठरविणारे भेटतात.

बालमित्रहो, 'हे असेच असते' असे कोणी सांगितले, तर दोन प्रश्न अवश्य विचारा : असे कशामुळे झाले? आणि ते कारण दूर केले तर काय होईल? प्रयोगशाळेत आणि समाजातही हेच प्रश्न विचारावे लागतात.

नमो बुद्धाय! जयभीम!