मी अशीच आहे का?

(नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांचं दोन दिवसांचं शिबिर नांदेडला झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)

काल रात्री जेवणं झाल्यावर आपल्यातल्या पाच-सहा जणी कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसल्या होत्या. हसण्याचा आवाज आला म्हणून मी डोकावले. स्वभावाची चाचणी चालली होती. प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि शेवटी तुमचा प्रकार कळतो, सोळा प्रकारांपैकी एक. एकजण अंतर्मुख निघाली, एकजण जन्मजात नेता निघाली. जी नेता निघाली तिला बाकीच्यांनी लगेच सांगितलं, "मग उद्याचा चहा तूच कर." मला विचारलं, "ताई, तुमचा प्रकार कोणता?" मी म्हटलं, सकाळी सांगते. म्हणून ठरलेला विषय दुपारवर ढकलून आज याच्यावर बोलते.

मला माझा पहिला प्रकार कळला तो लग्नाच्या वेळी. उदगीरकडचं एक स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांनी पत्रिका नेली आणि चार दिवसांनी परत पाठवली. निरोप आला, मुलीचा राक्षस गण आहे. मी तोवर कुणाला मोठ्यानं बोललेही नव्हते. पण त्या दिवसापासून मी काहीही उलट विचारलं की आई म्हणायची, "गणच तसा, काय करावं?" सत्तावीस नक्षत्रांची तीन ढिगात वाटणी केलेली, नऊ देव, नऊ मनुष्य, नऊ राक्षस. जन्मवेळेवरून माणसाचा स्वभाव ठरवायचा आणि त्याला छत्तीसपैकी सहा गुण द्यायचे. मोबाइलमध्ये सोळा खण आहेत, पत्रिकेत तीन होते, एवढाच काय तो फरक, असं मला आधी वाटायचं. नंतर जरा वाचल्यावर कळलं की फरक आणखीही आहे. तेच आज सांगायचं आहे.

आपल्याकडे एक म्हण आहे, स्वभावाला औषध नाही. आपल्या सल्ला केंद्रात ही म्हण किती वेळा ऐकू येते ते आठवा. नवरा मारतो. सासू म्हणते, "त्याचा स्वभावच तापट आहे, स्वभावाला औषध नाही, हिनं समजून घ्यावं." पण तोच तापट माणूस तहसीलदारापुढे कसा उभा असतो? मुकादमापुढे, फौजदारापुढे त्याचा तापटपणा कुठे जातो? तिथं हात जोडलेले असतात. म्हणजे त्याचा राग कुठे काढायचा आणि कुठे गिळायचा हे त्याला चांगलं कळतं. आता बाई उलट बोलली तर तिचाही स्वभावच म्हणतात, "तोंडाळ आहे." पण तिला कुणी समजून घेत नाही. तिनं स्वभाव बदलावा, नाहीतर माहेरी जावं. म्हणजे पुरुषाचा स्वभाव म्हटला की माफी आणि बाईचा स्वभाव म्हटला की शिक्षा. म्हणून कुणी "ती तशीच आहे" म्हटलं की मी आधी विचारते, हे कोण म्हणतंय आणि कशासाठी?

आता या सोळा प्रकारांची गोष्ट. ही चाचणी दोन बायकांनी तयार केली, हे आपल्यातल्या बऱ्याच जणींना माहीत नसेल. अमेरिकेतल्या मायलेकी, कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स. दोघींपैकी एकीनंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. इझाबेलनं लग्नासाठी जो मुलगा निवडला तो त्यांच्या घरातल्या माणसांपेक्षा अगदी वेगळ्या पद्धतीनं विचार करणारा होता. जावई असा का, हे समजून घेण्यासाठी कॅथरीन अभ्यासाला लागली. आपल्याकडे सून अशी का, एवढंच विचारतात! पुढे कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाचं माणसांच्या प्रकारांवरचं पुस्तक १९२१ साली आलं. १९२३ साली ते इंग्रजीत आल्यावर तिला त्यात आपल्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले आणि बायका मोठ्या संख्येनं कारखान्यांत कामाला आल्या. कुणाला कुठलं काम मानवेल हे त्यांना कळावं, या इच्छेनं इझाबेलनं प्रश्नावली बनवायला घेतली. म्हणजे सुरुवातीचा हेतू चांगलाच होता. १९६२ साली ती परीक्षा घेणाऱ्या एका मोठ्या संस्थेनं छापली. पुढे कंपन्यांनी ती उचलली आणि तिचा मोठा धंदा झाला. मोबाइलवर फुकट मिळतात त्या बऱ्याच चाचण्या याच वाणाच्या.

या चाचणीत चार जोड्या असतात. त्यातली एक जोडी म्हणजे निर्णय घेताना तुम्ही डोक्यानं घेता की मनानं. आता गंमत ऐका. या एका जोडीचे गुण देण्यासाठी बायकांची किल्ली वेगळी आणि पुरुषांची वेगळी होती. त्याच प्रश्नाला तेच उत्तर दिलं तरी बाईला गुण वेगळे आणि पुरुषाला वेगळे. १९९८ साली नवी आवृत्ती निघाली तेव्हा ही पद्धत बंद झाली. ती होती कशासाठी? कारण मुलींना लहानपणापासून दुसऱ्याचं मन जपायला शिकवलेलं असतं, त्यामुळे बायका मनाच्या बाजूची उत्तरं जास्त देतात. म्हणजे उत्तरात स्वभाव किती आणि शिकवण किती, हा प्रश्न चाचणी करणारीलाही पडला होता. तिनं गुणांची किल्ली बदलून तो सोडवायचा प्रयत्न केला. पण शिकवण अशी चाळणीनं चाळून बाजूला काढता येते का?

दुसरी गोष्ट. आता मी एक वाक्य म्हणते, ज्यांना पटेल त्यांनी हात वर करा. "तुम्ही सगळ्यांसाठी झिजता, पण तुमच्या मनात काय चाललंय ते फार थोड्यांना कळतं." बघा, मागच्या रांगेतलेसुद्धा सगळे हात वर. मी काही तुमची पत्रिका पाहिलेली नाही. १९४८ साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या शिक्षकानं हेच केलं. ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन लिहून दिलं. किती जुळतं, पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी चारच्या वर आली. खरं तर सगळ्यांना एकच कागद दिला होता आणि त्यातली वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती. तेव्हा "अगदी माझंच लिहिलंय" असं वाटणं, हा काही चाचणी खरी असल्याचा पुरावा नाही.

आणि तिसरी. ही सोळा प्रकारांची चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर निम्म्याच्या आसपास लोकांचा प्रकार बदललेला दिसतो. कारण सोपं आहे. माणसं बोलकी आणि अबोल अशा दोन ढिगात नसतात, बहुतेक जण मध्येच असतात. मध्ये रेघ मारली की जो जवळ उभा आहे तो आज इकडे, उद्या तिकडे. म्हणून अभ्यासक आता खण पाडण्यापेक्षा कमी-जास्त मोजणं बरं मानतात.

हे सगळं मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, कारण यात माझी स्वतःची एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी शहरातून एक प्रशिक्षक आले होते. त्यांनी आमची अशीच चाचणी घेतली आणि आम्ही त्यावरून कामं वाटली. आमच्यात एक कार्यकर्ती होती, तिचं नाव सांगत नाही. तिच्या कागदावर अंतर्मुख आलं. मीच म्हटलं, हिला फाइली आणि रजिस्टर द्या, ठाण्यात जायचं काम बोलक्या बायकांना द्या. दोन वर्षं ती आतल्या खोलीत नोंदी करत बसली. अक्षर चांगलं होतं, आम्हाला वाटलं, बरोबर जागा मिळाली.

एक दिवस आम्ही सगळ्या सुनावणीला गेलो होतो. केंद्रात ही एकटी. एक बाई दोन लेकरं घेऊन आली, रात्री घराबाहेर काढलेली, कपाळ फुटलेलं. ही तिला घेऊन ठाण्यात गेली. "घरचं भांडण आहे, घरी जा" म्हणून सांगितल्यावर चार तास बाकावरून उठली नाही. २००५ च्या कायद्याचा कागद पुढे ठेवला, जबाब लिहून घ्यायला लावला, दवाखान्यात नेलं आणि मगच परत आली. संध्याकाळी मी तिला विचारलं, "अगं, तू इतकं बोलतेस?"

ती म्हणाली, "ताई, काय बोलायलात? त्या कागदावर विचारलं होतं, दहा माणसांत बोलायला आवडतं का? मला नाही आवडत. आवडत नाही म्हणजे येत नाही का? आणि तवा मी सासरी राहायची. तिथं बोललं की मार होता. मी तिथलं उत्तर लिहिलं."

मी तिथलं उत्तर लिहिलं. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. मी ज्याला तिचा स्वभाव म्हणत होते ती तिच्या घराची दहशत होती. आणि आम्ही, बायकांच्या हक्काचं काम करणाऱ्यांनी, त्या दहशतीवर शिक्का मारून तिला दोन वर्षं आत बसवलं. सासरनं आणि संघटनेनं एकच केलं, फक्त आम्ही ते शास्त्राच्या नावानं केलं.

आपल्या भागानं हे मोठ्या प्रमाणात पाहिलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं पडली, हजारो माणसं गेली. पुढे घरं दुरुस्त करण्याच्या सरकारी कार्यक्रमात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं. उंबऱ्याबाहेर न पडणाऱ्या बायका इंजिनिअरशी बोलू लागल्या, भिंत कशी बांधायची ते शिकल्या, हप्ता का अडला ते विचारू लागल्या. एका वर्षात काय त्यांचा स्वभाव बदलला? स्वभाव त्यांच्यात होताच, त्याला जागा नव्हती. जागा मिळायला भूकंप व्हावा लागला, हे आपलं दुर्दैव.

मग या चाचण्या फेकून द्यायच्या का? मी तसं म्हणत नाही. २०१६ पासून काही वर्षं राज्य मंडळानं दहावीच्या मुलामुलींची कलचाचणी घेतली. आपल्या लातूर विभागात लातूर, नांदेड आणि उस्मानाबाद, तिन्ही जिल्हे होते. शेती, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा, अशी सात क्षेत्रं. नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मुलगी तो कागद घेऊन आमच्याकडे आली. त्यावर तांत्रिक आलं होतं. "ताई, हे बाबांना तुम्ही वाचून दाखवा," म्हणाली. बाबा म्हणाले, "पोरीच्या जातीला पाना-पक्कड कशाला?" आम्ही म्हटलं, हे आम्ही म्हणत नाही, सरकारी कागद म्हणतोय. दोन महिने लागले, पण ती आयटीआयला इलेक्ट्रिशियन शिकली. तिला काय आवडतं हे तिला आधीपासून माहीत होतं, घरचा मिक्सर तीच उघडून नीट करायची. कागदानं तिला नवीन काही सांगितलं नाही. पण तिच्या म्हणण्याला वजन दिलं. इथं कागद तिच्या हातात होता, आमच्याकडे तो माझ्या हातात होता. सगळा फरक एवढाच.

आणखी एक उपयोग आहे. आपल्याला आयुष्यात कुणी विचारत नाही, तुला काय आवडतं? अशी प्रश्नावली निदान विचारते. लातूरजवळच्या एका गावात मी बचत गटातल्या बायकांना विचारलं होतं, मोकळ्या वेळात काय करायला आवडतं? एक मावशी बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, मोकळा वेळ म्हंजे कवाचा?" त्या दिवशी आमची चाचणी पुढे सरकलीच नाही. पण पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या कामाची यादी फळ्यावर झाली आणि ती चर्चा तीन तास चालली. कुठल्याही गुणांपेक्षा मला ते मोलाचं वाटतं.

तेव्हा मैत्रिणींनो, चाचण्या खुशाल करा, हसा. पण तीन गोष्टी सांभाळा. एक, कोण विचारतंय आणि उत्तराचं काय करणार, हे आधी विचारा. नोकरीसाठी, लग्नासाठी किंवा संस्थेत जागा ठरवण्यासाठी विचारत असतील तर सावध राहा. दोन, प्रत्येक उत्तरापुढे "कुठे?" असं लिहा. मी अबोल, कुठे? माहेरी, सासरी, बँकेत, इथं? चारही ठिकाणी उत्तर एकच आलं तर तो कदाचित तुमचा स्वभाव असेल. वेगळं आलं तर त्या जागेकडे बघा. तीन, आपल्या केंद्रात चाचणीवरून काम वाटायचं नाही. काम करून बघू द्यायचं, जमलं नाही तर बदलायचं. आमच्याकडे आता ठाण्याची पाळी सगळ्यांना येते, रजिस्टरचीही. मलाही. माझं अक्षर वाईट आहे, ही तक्रार आहेच.

आणि खरंच एखादी अबोल असेल तर तिला अबोल राहू द्या. प्रत्येकीनं माइक धरलाच पाहिजे असं नाही. फक्त ते तिनं ठरवलेलं असावं.

माझा प्रकार काय, ते राहिलंच. काल रात्री झोपण्याआधी मी ती चाचणी दिली. अर्ध्या प्रश्नांना "कुठे?" हे विचारायची सोय नव्हती, म्हणून अर्धवट सोडली.

आता पाच-पाच जणींचे गट करू. प्रत्येकीनं एक शब्द लिहायचा, जो तुमच्याबद्दल घरात नेहमी वापरला जातो. आगाऊ, सोशिक, घुमी, भांडखोर, काय असेल तो. त्याच्याखाली लिहायचं, पहिल्यांदा कुणी म्हटलं, आणि त्या वेळी तुम्ही काय मागत होतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारणीला सांगायचं. अर्धा तास आहे. चहा येतोय, आणि आज तो स्वयंपाकघरातल्या भाऊंनी केलाय.