हप्ता का चुकला?

अक्कलकोटच्या माझ्या तरुण बंधू-भगिनींनो,

व्याज हराम आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. का हराम आहे, हे मला मात्र नोकरीत कळलं.

काही वर्षांपूर्वी मी मोबाइलवरून कर्ज देणाऱ्या एका ॲपचं काम करत होतो. तक्रार आली की, हप्ता चुकल्यावर लागणारा दंड एक दिवस उशिरा लागतोय. पंधरा मिनिटांत मी ती चूक दुरुस्त केली. शाबासकी मिळाली. घरी गेल्यावर लक्षात आलं, हप्ता कधी चुकला याची सेकंदापर्यंत नोंद होती, पण का चुकला हे लिहायला रकानाच नव्हता. सूरह अल-बकराच्या २८०व्या आयतीत नेमका त्याचाच विचार आहे. कर्जदार अडचणीत असेल तर हात मोकळा होईपर्यंत मुदत द्यावी, माफ केलं तर आणखी उत्तम.

आपल्याकडे बटईने शेती करतात. पावसाने दगा दिला तर बटईदाराची मेहनत जाते आणि मालकाचा वाटाही जातो. सावकाराचं तसं नाही. तूर वाळली तरी व्याज वाढतच राहतं. इस्लामने नफा नाकारलेला नाही, व्यापार हलालच आहे. आक्षेप आहे तो तोट्यात सहभागी न होता घेतलेल्या हमखास वाढीवर.

हे दुखणं फक्त मुसलमानांचं नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर उठले. उठाव पसरला, ठिकठिकाणी कर्जरोखे जाळले गेले. मग १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूरला लागू झाला. अक्कलकोट तेव्हा संस्थान होतं, ब्रिटिश मुलखाबाहेर. हिंदू कायद्यातही दामदुपटीचा नियम आहे, थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये असा. माझ्या प्रोग्रॅममध्ये तेवढीही मर्यादा नव्हती! पुढे मी ते काम सोडलं. तिथे घेतलेला पगार मात्र घरात खर्च झालाच होता.

आज विनापरवाना सावकारी २०१४ च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे. कुणी जमीन बळकावली असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. भीतीपोटी लोक जात नाहीत, तुम्ही सोबत जा.

पण सुरुवात घरातून. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अखेरच्या हजच्या प्रवचनात सर्वांत आधी रद्द केलं ते आपल्या काकांचं, हजरत अब्बास (रजि.) यांचं येणं व्याज.

आपल्या मोहल्ल्यांत बोलीची भिशी चालते. ज्याची नड मोठी, तो सर्वांत जास्त रक्कम सोडून भिशी उचलतो. सोडलेले पैसे बाकीचे वाटून घेतात. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन, त्यातून आपल्याला चार-पाचशे रुपये. हा कसला फायदा?

आमच्या भिशीत मी बोली बंद करून चिठ्ठी काढायला सुचवलं आणि नडलेल्याला पहिला नंबर. दोघे बाहेर पडले. बाकीच्यांची चालू आहे.