कुत्र्याला घेऊन अभयारण्यात?

सुट्टी लागली की श्रीरामपुरातून भंडारदऱ्याकडे गाड्या निघतात. हल्ली मागच्या सीटवर घरचा कुत्राही असतो. लळाच तसा असतो, त्याला एकटं टाकून जाववत नाही. पण रतनवाडी आणि हरिश्चंद्रगड हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. तिथे कुत्रा नेऊ नये.

कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरी अभयारण्याचं उदाहरण घ्या. काळविटाचं पाडस जन्मल्यावर काही दिवस गवतात निपचित पडून राहतं. लांडग्याच्या नजरेतून वाचायचा त्याचा तेवढाच उपाय. मोकळा सुटलेला कुत्रा ते वासावर हुडकतो. मारलं नाही तरी आई बिथरून दूर पळते.

रोगाचं भय याहून मोठं. डिस्टेंपर हा मूळचा कुत्र्यांचा आजार. 2018 मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले, तेव्हा त्यांतल्या काहींमध्ये याच आजाराचा विषाणू सापडला. घरचा कुत्रा ठणठणीत दिसत असला, तरी लस चुकवू नका.

आणि धोका कुत्र्यालाही आहेच! आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले परिसरात, वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली. त्याच्या खाण्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे 39 टक्के, पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. उसाच्या फडाकडेला राहणाऱ्यांना हे सांगायला नकोच.

तेव्हा सहलीला जाताना कुत्रा घरी किंवा शेजाऱ्यांकडे ठेवा. बंद गाडीत मात्र कोंडू नका, उन्हात काही मिनिटांतच त्याचा जीव जाऊ शकतो.